शून्याची बाटली

१

महाराणी मेली त्या सकाळी घरातली पहिली संशयित मीच होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

महाराणी म्हणजे मासा. पिवळाधमक, तळहाताएवढा, आणि भयंकर आढ्यताखोर. आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा दोनशे लिटरचा टँक आहे. त्यात गेली अडीच वर्षं तिचं राज्य होतं. नवरा दुकानातून आला की आधी तिच्यासमोर बसायचा, मग हातपाय धुवायचा, मग मी दिसले तर माझ्याशी बोलायचा. मी तिला मनातल्या मनात सवत म्हणायचे. मनातल्या मनात कसलं, चांगलं मोठ्याने म्हणायचे.

त्या रविवारी ती आडवी तरंगत होती. तळाशी लाल पट्ट्यांची कोळंबी उताणी पडली होती. खडकावरचं जांभळं प्रवाळ आक्रसून पांढरं पडलं होतं. दोन केशरी जोकर माशांपैकी एक कोपऱ्यात मेला होता आणि दुसरा खडकाच्या आडोशाला भराभर कल्ले हलवत कसाबसा तग धरून होता.

माझा नवरा चष्म्याचे नंबर काढतो. भिंगातून दिसेल तेच खरं, यावर त्याची अढळ श्रद्धा आहे. त्याने आपली ती बोटभर लांबीची दुर्बीण काढली. तिच्या काचेवर टँकमधल्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत पाण्यात मीठ किती ते आकड्यात दिसतं. समुद्राचा आकडा पस्तीस. आमच्या टँकचाही पस्तीसच हवा.

"पस्तीस," तो म्हणाला. "बरोब्बर पस्तीस. म्हणजे पाणी ठीक आहे. म्हणजे कुणीतरी विष घातलंय."

आणि तो माझ्याकडे वळला.

आठच दिवसांपूर्वी, चार पाहुण्यांदेखत मी म्हणाले होते की एक दिवस या टँकमध्ये मी ओव्हन धुवायचं पाणी ओतणार आहे. मी घरी केक करून विकते, त्यामुळे ओव्हन धुवायचं जहाल औषध माझ्याकडे बाटलीभर असतंच. पाहुणे हसले होते. नवरा हसला नव्हता.

"मी ताईला बोलावतोय," तो म्हणाला. "ती सांगेल ते मी मानेन. पण हे तू केलं असलंस ना, तर मी तुझ्याबरोबर या घरात राहणार नाही. नीट ऐक, गंमत नाही करत मी."

सोळा वर्षांच्या संसाराची किंमत एका पिवळ्या माशाएवढी ठरली होती. आणि निकाल द्यायला येणार होत्या माझ्या नणंदबाई.

२

नणंदबाईंबद्दल मी निःपक्षपाती बोलू शकत नाही. या घरात "ताई म्हणाली" हे दोन शब्द उच्चारले की चर्चा संपते. मी केलेला केक चांगला झाला की सगळे खातात. ताईंनी "बरा झालाय" म्हटलं की सगळे तो चांगला आहे असं मानतात. माझ्या पोटात त्याचं सोळा वर्षं दुखतंय.

त्या छत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होत्या. दुकानांत जायचं, काटे तपासायचे, खोटं माप सापडलं की जप्त करायचं. सख्ख्या मामाच्या दुकानातला काटा चार ग्रॅमने खोटा निघाला तर त्यांनी तोही जप्त केला होता. मामा मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही.

दहा वाजता त्या आल्या. हातात पितळी वजनांची लाकडी पेटी. दार माझ्या सासऱ्यांनी उघडलं. बाबांचा घसा कायम बसलेला असतो. नेहमीप्रमाणे एका हातात गुळण्या करायचा पेला होता, तो त्यांनी लेकीला पाहून घाईने टँकशेजारच्या फळीवर ठेवला. जिथे उभे असतील तिथे भांडं ठेवायची त्यांची सवय आहे, मी रोज चार पेले गोळा करते.

"माणसं नंतर," नणंदबाई खुर्चीवर टेकत म्हणाल्या. "आधी माप बघायचं. भाऊ, हे पाणी तू कसं सांभाळतोस ते मला सांग. मी अडाणी आहे असं समजून सांग."

नवऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला. इतकं कुणी विचारलंच नव्हतं त्याला. मी तर नाहीच.

"टँकमधलं पाणी रोज थोडं उडतं," तो म्हणाला. "पण उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून काचेवर ती लाल पट्टी चिकटवलीय. रोज सकाळी बाबा पट्टीला लागेपर्यंत गोडं पाणी घालतात. फिल्टरचं, निळ्या कॅनमधलं. खारं घातलं तर मीठ वाढत जाईल. मग रविवारी मी मोजतो आणि वहीत लिहितो."

"मोजायच्या आधी ते माप तपासतोस?"

"दर वेळी!" तो जवळजवळ दुखावलाच. फळीवरून त्याने एक छोटी बाटली उचलली. वर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर नुसतं एक शून्य काढलेलं. "ही शून्याची बाटली. हिच्यात अगदी शुद्ध पाणी. आधी याचे दोन थेंब काचेवर टाकायचे. मीठ नाही, म्हणजे आकडा शून्य यायला हवा. नाही आला तर हा स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणायची. मगच टँकचं पाणी मोजायचं. आजही केलं ना."

नणंदबाईंनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघितलं.

"तुझा केकचा काटा आण बघू."

३

माझा काटा म्हणजे माझा जीव. एक ग्रॅमचाही फरक दाखवतो. नणंदबाईंनी त्यावर आधी आपलं पितळी किलोचं वजन ठेवलं. बरोबर एक हजार.

"काटा खरा आहे," त्या म्हणाल्या, आणि मला उगाचच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी एक काचेची बाटली घेतली, फिल्टरचं पाणी तोंडापर्यंत भरलं आणि बाटलीचं वजन वजा करून पाण्याचं वजन काढलं. एक हजार ग्रॅम. तीच बाटली रिकामी करून, पुसून, टँकच्या पाण्याने तितकीच भरली.

"मीठ असलेलं पाणी जड असतं. भाऊ, तुझा पस्तीसचा आकडा खरा असेल तर इथे किती दिसायला हवं?"

"एक हजार सव्वीस," नवरा लगेच म्हणाला.

काट्यावर आकडे हलले आणि थांबले. एक हजार चौतीस.

नणंदबाईंनी बाटली पुन्हा भरून पुन्हा वजन केलं. पुन्हा चौतीस.

"विष वगैरे काही नाही," त्या म्हणाल्या. "मीठ आहे. तुझे मासे पस्तीसच्या नाही, पंचेचाळीसच्या पाण्यात पोहत होते. समुद्रापेक्षा खारट."

"शक्य नाही! मी आत्ता स्वतः बघितलं!"

"तू बघितलंस ते दुर्बिणीने दाखवलं. आता त्या दुर्बिणीत हे फिल्टरचं पाणी टाक. शून्य यायला हवं ना?"

त्याने दोन थेंब टाकून डोळा लावला. बराच वेळ लावूनच ठेवला. "रेघ शून्याच्याही खाली गेलीय," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"म्हणजे माप खोटं. आणि ते माप आज सकाळी शून्यावर कुणी लावलं?"

"मीच. या बाटलीने."

नणंदबाईंनी शून्याची बाटली उघडली, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. छत्तीस वर्षांत त्यांनी काय काय चाखलं असेल कोण जाणे, पण त्यांचा चेहरा तसाच राहिला.

"तुझं शून्य खारट आहे," त्या म्हणाल्या.

४

आता सगळं उलगडलं, आणि जितकं उलगडलं तितका माझ्या गळ्याभोवतीचा फास आवळला.

नणंदबाईंनी वही उघडली. पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत दर रविवारी पस्तीस, पस्तीस, पस्तीस. मग अचानक तेहतीस. खाली नोंद: चारशे ग्रॅम मीठ विरघळवून घातलं, पस्तीस झालं. पुढच्या रविवारी पुन्हा तेहतीस, पुन्हा चारशे ग्रॅम. असं पाच वेळा. शेवटचं गेल्या रविवारी.

"तुला शंका नाही आली?" त्यांनी भावाला विचारलं. "मीठ उडत नाही असं तूच म्हणालास. टँक गळत नाही. पाणी पट्टीच्या वर जात नाही. मग दर आठवड्याला चारशे ग्रॅम मीठ गेलं कुठे?"

"तो दाताचा डॉक्टर आहे ना, तोही मासे पाळतो, तो म्हणाला की काठावर मिठाची खपली धरते, त्यात जात असेल."

नणंदबाईंनी चाकूने टँकच्या काठावरची पांढरी खपली खरवडून माझ्या काट्यावर टाकली. सहा ग्रॅम.

"दोन किलो कुठे आणि सहा ग्रॅम कुठे. मीठ कधी कमी झालंच नव्हतं. दर आठवड्याला कुणीतरी शून्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ टाकत होतं. शून्य खारट झालं, त्यामुळे टँक अळणी दिसायला लागला. आणि तू दर रविवारी प्रेमाने आणखी मीठ घालत गेलास. टँकला कुणी हातसुद्धा लावला नाही. सगळं तुझ्या हातून करून घेतलं."

नवरा टँकसमोर खाली बसला. मला त्याची दया आली, आणि त्याच वेळी महाराणीसाठी त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी बघून तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्याचे डोळे कोरडे होते, हे मी विसरलेले नाही.

"कुठलं मीठ?" नणंदबाई स्वतःशीच म्हणाल्या. "साबण आण गं. अंगाचा."

टँकचं मीठ साधं नसतं, त्यात समुद्रातले बाकीचे क्षारही असतात, आणि त्यात साबणाला फेस येत नाही, नुसता चोथा होतो. हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी दोन कप घेतले. एकात टँकच्या मिठाचं पाणी: साबण घुसळला तर नुसते पांढरे गोळे. दुसऱ्यात शून्याच्या बाटलीतलं थोडं पाणी. दोनदा हलवलं, आणि फेस कपाच्या वर आला.

"साधं मीठ," त्या म्हणाल्या. "जेवणातलं."

नवरा हळूच उठला. "या घरात साधं मीठ एकाच ठिकाणी असतं, ताई," तो म्हणाला. "हिच्या ओट्यावर."

५

नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुला त्या माशाचा राग होता?"

"राग नव्हता," मी म्हणाले. "मत्सर होता. आहे. मेली तरी आहे. अडीच वर्षं हा माणूस तिला काय हवं नको ते बघतोय. पाणी एक डिग्रीने गरम झालं तर दुकानातून धावत येतो. मला ताप आला तर फोनवर सांगतो, गोळी घे. मला वाटायचं, मी पण काचेत जाऊन बसावं. पण मारलं नाही मी. मारायचं असतं तर ओव्हनचं औषध ओतलं असतं, सांगून. असं गुपचूप पाच आठवडे चिमूट चिमूट टाकत बसायला माझ्याकडे धीर नाही."

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. ते खोकले आणि बाहेर बघू लागले.

"हे खरंय," नणंदबाई म्हणाल्या. "हिच्याकडे धीर नाही." मला हे कौतुक आहे की टोमणा ते कळलं नाही. "पण धीर नाही हा काही पुरावा होत नाही. त्या दाताच्या डॉक्टरला बोलवा."

डॉक्टर समोरच्याच इमारतीत राहतो. त्याच्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्च्यांसमोर आमच्या दुप्पट मोठा टँक आहे, पण जांभळं प्रवाळ त्याच्याकडे काही केल्या जगत नाही. त्याने आमच्या प्रवाळाचा एक तुकडा मागितला होता. नवऱ्याने दिला नव्हता. शून्याच्या बाटलीची पद्धत त्यानेच शिकवली होती, आणि तो आला की तासभर टँकसमोर उभा राहायचा.

तो आला, टँककडे बघितलं आणि त्याचा चेहरा खरोखरच पडला.

"जळत होतो मी," तो सरळ म्हणाला. "मी दोन दिवसांनी पाणी तपासतो, हा आठवड्याने तपासतो, आणि प्रवाळ याच्याकडे वाढतं! झोप लागायची नाही मला. पण ते मेलेलं कशाला हवं असेल मला? तुकडा हवा होता मला, जिवंत."

"गेल्या पाच आठवड्यांत इथे कितीदा आलात?"

"एकदा. पहिले तीन आठवडे मी परगावी होतो, प्रशिक्षणाला. परत आल्यावर एकदा येऊन गेलो. तेव्हाच तर ते खपलीचं म्हणालो."

नणंदबाईंनी वहीच्या समासात काहीतरी लिहिलं. मग वही माझ्यापुढे सरकवली.

"ही तारीख बघ. तिसरा रविवार. तेव्हाही तेहतीस आलं होतं. तू कुठे होतीस?"

मी तारीख बघितली, आणि हसू यायला लागलं. कसलं हसू, रडूच ते.

"मी घरात नव्हते," मी म्हणाले. "बहीण बाळंत झाली म्हणून गेले होते. अकरा दिवस. मी परत आले, बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती, तर हे म्हणाले, 'पुन्हा तेहतीस आलं बघ.'"

नणंदबाई भावाकडे वळल्या. नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. तो खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होता.

"त्या आठवड्यात तू नव्हतीस?" त्याने मला विचारलं.

६

माझी निर्दोष सुटका झाली होती, आणि तिच्याइतकं मला आयुष्यात कशानेच लागलं नाही. मी स्वयंपाकघरात निघून जाणार होते, पण नणंदबाईंनी हाताला धरून थांबवलं.

"थांब. अर्धंच झालंय." त्यांनी डॉक्टरला घरी पाठवलं आणि दार लावून घेतलं. "पाचही आठवडे बाटलीपर्यंत हात पोचेल असं कोण? डॉक्टर तीन आठवडे गावात नव्हता. ही अकरा दिवस नव्हती. आणि भाऊ स्वतःची महाराणी मारणार नाही."

वही त्यांच्या मांडीवर उघडीच होती. त्यांनी पानावरून बोट फिरवलं.

"मला मघापासून एक गोष्ट खटकतेय. अडीच वर्षं या वहीत एकच अक्षर आहे, भाऊचं. आणि या पाच रविवारी दोन अक्षरं आहेत. आकडा भाऊने लिहिलाय. त्याखाली 'चारशे ग्रॅम मीठ विरघळवून घातलं' हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय. वळणदार, शाईच्या पेनाने. हे अक्षर माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी असायचं."

मी फळीकडे बघितलं. तिथे अजून तो पेला होता. कोमट पाण्याचा, मिठाच्या गुळण्यांचा. बाबांच्या कप्प्यात मिठाची वेगळी डबी असते, आणि ती भरणारी मीच.

"बाबा," नणंदबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

बाबा खिडकीतून वळले नाहीत.

"पहिल्यांदा चुकून झालं," ते म्हणाले. घसा बसल्यामुळे कान देऊन ऐकावं लागत होतं. "फळी पुसताना ती बाटली कलंडली, थोडं सांडलं. हा रागावेल म्हणून पेल्यातल्या पाण्याने भरून ठेवली. साधं पाणी समजून. गुळण्यांचं होतं ते, नंतर लक्षात आलं."

"मग सांगितलं का नाही?" नवऱ्याने विचारलं.

"सांगणारच होतो. पण रविवारी तुझा आकडा कमी आला आणि तू मला हाक मारलीस. 'बाबा, इकडे या, जरा मीठ मोजू लागा.' मी मोजलं, तू ढवळलंस. विरघळायला दोन तास लागले. आपण बोलत बसलो. तू तुझ्या पहिल्या सायकलची गोष्ट काढलीस." ते थांबले. "आपला बुद्धिबळाचा पट कपाटावर जाऊन अडीच वर्षं झाली रे. रोज सकाळी मी पाणी घालतो आणि तू विचारतोस, पट्टीला लागलं का? लागलं म्हणतो. बास, एवढंच बोलणं आपलं."

"म्हणून?"

"पुढच्या आठवड्यात वाट बघितली. म्हटलं, आकडा बरोबर आला की हा मला कशाला बोलावतोय. शनिवारी एक चिमूट टाकली. मग दर शनिवारी. काल तेवढी राहिली." आता ते वळले. "पाणी खारटच आहे, थोडं आणखी खारट झालं तर माशांना काय होतंय, असं वाटलं मला. आज सकाळी कळलं. तू हिला बोलत होतास तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगता आलं. सूनबाई, तुझ्या संसारावर आलं आणि मी मूग गिळून बसलो."

मला प्रचंड राग आला. पण माशांवरून नव्हे, खोटा आळ आला म्हणूनही नव्हे. अडीच वर्षं मी आदळआपट केली, अबोले धरले, पाहुण्यांदेखत धमक्या दिल्या, आणि मला पाच मिनिटं मिळाली नाहीत. या म्हाताऱ्याने एका चिमटीत दर रविवारी दोन तास पटकावले. मला हे सुचलं कसं नाही, याचा मला राग आला होता.

नवरा टँकसमोर पाठमोरा उभा होता. त्याच्या खांद्यांकडे बघून पुढे काय होणार ते सांगता येत नव्हतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "हा जोकर अजून जिवंत आहे."

७

पाणी एकदम गोडं करून चालत नाही. खारटपणा चढताना पाच आठवडे लागले होते, उतरवतानाही सबुरी हवी, नाहीतर उरलेला जीवही जायचा. नणंदबाई आणि नवऱ्याने मिळून ठरवलं: रोज सहा लिटर खारं बाहेर, सहा लिटर गोडं आत. बाटलीचं वजन रोज एकेक ग्रॅमने उतरलं पाहिजे. आठ ग्रॅम, आठ दिवस.

दुर्बीण कपाटात गेली. ती नव्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणली होती, पण नवऱ्याचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. आता माझा काटा बैठकीच्या खोलीत आला. काट्यामागे मीही आले, कारण माझ्या काट्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी वजन सांगितलं, बाबांनी वहीत लिहिलं, नवऱ्याने बादली ओतली. दुसऱ्या संध्याकाळी बाबा म्हणाले की बादली फार उंचावरून ओततोस, आणि नवऱ्याने ती खाली धरली. तिसऱ्या संध्याकाळी त्याने नळी पिळता पिळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "नऊ दिवस होतीस ना बहिणीकडे?"

"अकरा."

"बाळ कसं आहे?"

बाळ महिन्याचं होत आलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. जन्माचं वजनसुद्धा. बाबांनी विचारलं, लिहू का वहीत, आणि नवरा हसला. पुढे पाचव्या की सहाव्या दिवशी जोकर खडकाच्या आडून बाहेर आला आणि काचेजवळ येऊन आमच्याकडे टकामका बघत राहिला. त्याचा मला जरासा मत्सर वाटला, पण सवय म्हणून.

आठव्या संध्याकाळी नणंदबाई पितळी वजनं घेऊन आल्या. काटा तपासला. बाटली भरली. आम्ही चौघं वाकून बघत होतो.

एक हजार सव्वीस.

नवऱ्याने मोठा श्वास सोडला. "झालं," तो म्हणाला, आणि हात पुसायचं फडकं शोधू लागला. बाबांनी पेनाचं टोपण लावलं. फार सावकाश लावलं. मी काटा उचलायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

"झालं कुठे?" नणंदबाई म्हणाल्या. "एकदा खोट्या निघालेल्या मापावर पुढे वर्षभर देखरेख ठेवावी लागते. आठवड्यातून तीनदा तपासणी. आणि ती एकट्याने करायची नाही. एकाने वजन करायचं, एकाने लिहायचं, एकाने पाणी बघायचं. तिघंही हजर हवेत. तसा नियमच आहे."

"नियम आहे?" नवऱ्याने विचारलं.

"छत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

ताई म्हणाली, म्हटल्यावर चर्चा संपली. नवऱ्याने बाबांना विचारलं की सोमवार, बुधवार, शनिवार चालेल का, आणि बाबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

मी नणंदबाईंना सोडायला जिन्यापर्यंत गेले. त्या वजनांची पेटी छातीशी धरून एकेक पायरी उतरत होत्या.

"ताई," मी विचारलं, "खरंच असा नियम आहे?"

त्या थांबल्या. मागे वळून बघितलं नाही.

"मामाचा काटा चार ग्रॅमने खोटा होता, तरी मी सोडला नाही. आणि आज मीच खोटं माप दिलं," त्या म्हणाल्या. "घरात कुणाला सांगू नकोस."

आणि त्या उतरून गेल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचा हेवा वाटला नाही. निदान दोन पायऱ्या वर चढेपर्यंत तरी नाही. मग मनात आलं की हेसुद्धा मला सुचलं नव्हतं.

वरून नवऱ्याची हाक आली. काटा पुन्हा शून्यावर कसा आणायचा ते तो विचारत होता. हात लावू नका, मी ओरडले, आणि उरलेल्या पायऱ्या धावत चढले.